लीगच्या तळालाही शेवटचा दिवस हवा

मुंबई सिटीचा पाठीराखा म्हणून साखळी फेरीचे दोन शेवटचे सामने माझ्या मनात कायमचे घर करून बसलेत. पहिला २८ फेब्रुवारी २०२१ चा. कोविडमुळे इंडियन सुपर लीगचा तो सगळा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला. बांबोळीच्या मैदानावर समोर एटीके मोहन बागान. त्यांचे ४० गुण, आमचे ३७. बरोबरी झाली तरी शील्ड, म्हणजे साखळी फेरीत अव्वल राहणाऱ्याचा मान, त्यांचीच; आम्हाला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सातव्या मिनिटाला मुर्तदा फॉलने गोल केला, ३९ व्या मिनिटाला ओग्बेचेने दुसरा. गुण समसमान झाले, पण आपसातल्या सामन्यांत आम्ही वरचढ होतो म्हणून शील्ड आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट मुंबईला मिळालं. रिकाम्या मैदानावरून खेळाडूंच्या आरोळ्या टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होत्या.

दुसरा १५ एप्रिल २०२४ चा. नियतीने अगदी उलटा डाव मांडला होता. आमचे ४७, मोहन बागानचे ४५. या वेळी बरोबरी आम्हाला पुरणार होती. सामना कोलकात्यात, सॉल्ट लेक स्टेडियम तुडुंब भरलेलं. लिस्टन कुलासोने पहिल्या सत्रात, कमिंग्सने ऐंशीव्या मिनिटाला गोल केला. ८९ व्या मिनिटाला छांगतेने एक परत फेडला, समोरचा हॅमिल लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि मग इंज्युरी टाइमची ती मिनिटं. एक गोल, फक्त एक गोल हवा होता. तो आला नाही. शील्ड एका गुणाने गेली. पुढे तीन आठवड्यांत त्याच मैदानावर अंतिम सामन्यात आम्ही त्यांना ३-१ ने हरवलं आणि करंडक आणला, तरी त्या एप्रिलच्या रात्रीची सल गेलेली नाही. बावीस सामन्यांचा हिशोब त्या रात्री चुकता व्हायचा होता.

हे दोन्ही सामने मी विसरणार नाही. पण आज लिहायचंय ते तिसऱ्याच एका सामन्याबद्दल, जो बहुतेकांच्या लक्षातही नसेल. आमच्या २०२१ च्या सामन्याच्या आदल्याच दिवशी ओडिशा आणि ईस्ट बंगाल यांचा शेवटचा साखळी सामना झाला. निकाल ६-५. एका सामन्यात अकरा गोल! ओडिशा गुणतक्त्यात तळाला होती, ईस्ट बंगाल तिच्याच आसपास. जगातल्या बहुतेक मोठ्या लीगमध्ये तळाच्या अशा दोन संघांचा शेवटचा सामना म्हणजे जिवावरचा प्रसंग असतो. इथे मात्र त्या अकरा गोलांवर काहीच अवलंबून नव्हतं. ओडिशा बारा गुणांवर शेवटची राहिली आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच लीगमध्ये खेळली. पुढच्या वर्षी ईस्ट बंगाल तळाला गेला, वीस सामन्यांत एक विजय, अकरा गुण, आणि तोही पुढच्या वर्षी तिथेच होता. २०२३-२४ मध्ये हैदराबादने बावीस सामन्यांत एकच जिंकला, आठ गुण मिळवले. २०२४-२५ मध्ये मोहमेडन तेरा गुणांवर शेवटचा आला. एकाही क्लबला खाली जावं लागलं नाही, कारण त्या हंगामांत आपल्या सर्वोच्च लीगमधून खाली जायची सोयच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही सोय झाली पाहिजे आणि ती आता झाली पाहिजे. रेलिगेशन, म्हणजे तळाच्या संघाने खालच्या श्रेणीत जाणं, नसलेल्या लीगमध्ये शेवटचा दिवस फक्त वरच्या दोन-चार संघांच्या पाठीराख्यांना मिळतो. बाकीच्यांचा हंगाम फेब्रुवारीतच संपतो. तिकीट सगळे काढतात, जर्सी सगळे घेतात, पण वर्षभराच्या निष्ठेचं मोल ज्या दिवशी ठरतं तो दिवस अर्ध्याहून अधिक लोकांच्या वाट्याला येतच नाही.

ज्यांनी तळाचा शेवटचा दिवस पाहिलेला नाही त्यांना हे अतिरेकी वाटेल. माझी सुरुवात मुंबई सिटीपासून झाली नाही. त्याआधी मुंबई एफसी होती. २००७ साली स्थापन झालेला क्लब, दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, आलेला, कोपरेजवर खेळणारा. पैसा बेताचा, तारांकित खेळाडू नाहीत, आणि वर्षानुवर्षं प्रशिक्षक खालिद जमील. विजेतेपदाच्या गप्पा आमच्यात कुणी मारायचं नाही. आम्ही गुणतक्ता खालून वाचायचो. कोपरेजच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त बेस्ट कर्मचारी काका बसायचे. हंगाम उताराला लागला की ते तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने तीन-चार संघांची नावं लिहायचे, त्यापुढे गुण, त्यापुढे गोलफरक, आणि मध्यंतरात दुसऱ्या शहरातला स्कोअर कुणाच्या तरी मोबाइलवरून कळला की आकडा खोडून नवा लिहायचे. आमचा सामना ०-० असा रटाळ चाललेला असायचा, पण दूर शिलाँगला किंवा मडगावला गोल झाला की आमच्या स्टँडमध्ये एकदम चुळबुळ सुरू व्हायची. एका कॉर्नर किकसाठी माणसं उभी राहायची. त्या कंटाळवाण्या सामन्यांत जेवढा जीव गुंतला, तेवढा चकचकीत रोषणाईतल्या, गुणतक्त्याच्या मध्यावरच्या संघांच्या सामन्यांत कधी गुंतला नाही.

आणि ही भीती खोटी नव्हती. २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसी शेवटची आली, खाली गेली आणि त्यानंतर बंदच पडली.

इथे कुणीही मला अडवेल. तुझा स्वतःचा क्लब रेलिगेशनने मेला आणि तू त्याचीच बाजू घेतोस? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्या वर्षाकडे नीट पाहायला हवं. त्याच हंगामाचा वरचा शेवट बघा. ३० एप्रिल २०१७. शिलाँगमध्ये आयझॉल एफसी विरुद्ध शिलाँग लाजाँग. आयझॉलला बरोबरी पुरणार होती. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता आणि त्याची नजर शिलाँगवर. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. मोहन बागान २-१ असा जिंकला, तरी ३६ वर अडला. आयझॉल ३७. मिझोरामच्या एका छोट्या क्लबने भारताची लीग जिंकली आणि प्रशिक्षक होते आमचे खालिद जमील, जे आदल्याच वर्षापर्यंत कोपरेजच्या टचलाइनवर उभे असायचे आणि २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

पण आयझॉलची खरी गंमत त्याआधीची आहे. २०१५-१६ मध्ये हाच आयझॉल रेलिगेट झाला होता! गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून आयझॉलला परत घेण्यात आलं. आणि गोव्याचे क्लब का गेले? कारण २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने जो आराखडा मांडला त्यात सुपर लीग सर्वोच्च होणार होती आणि आय-लीगच्या क्लबांना तिच्यात खेळून शिरायचा रस्ताच ठेवलेला नव्हता. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले, पाठोपाठ धेंपो. साळगावकर दोन वेळा देशाचा विजेता. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं जिंकलेली.

धेंपोची गोष्ट तर प्रत्येक फुटबॉलप्रेमीने लक्षात ठेवावी अशी आहे. २०१४-१५ मध्ये आय-लीगमध्ये सर्वात शेवटी होती पुण्याची भारत एफसी. पण ती कॉर्पोरेट प्रवेशाने, म्हणजे खालून खेळत न येता थेट, आलेली नवी टीम, म्हणून तिला रेलिगेशनपासून सूट होती. तेव्हा तिच्या वरचा धेंपो खाली गेला. पाच वेळचा विजेता! धेंपोने रडगाणं गायलं नाही. दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि ती जिंकून २०१६ मध्ये वर यायचा हक्क मिळवला. आणि ज्या भारत एफसीला वाचवण्यासाठी त्याला खाली पाठवलं, ती तोवर विसर्जितही झाली होती. म्हणजे मैदानावर हरलेला क्लब कागदावर वाचला आणि मालकांनी तो बंद केला, तर मैदानावर पडलेला क्लब मैदानावरच उठला. पुढे वरचं दार बंद होणार हे दिसल्यावर मात्र धेंपोनेही माघार घेतली. २०२४-२५ मध्ये तो पुन्हा आय-लीगमध्ये परतला, त्याबद्दल पुढे सांगतो.

मुंबई एफसीबद्दलही मला हेच वाटतं. खाली जाण्याने क्लब खंगतो, पण मरतो तो परतीची आशा नसल्याने. २०१७ सालीच सुपर लीगला आशियाई महासंघाची मान्यता मिळाली आणि दोन लीग समांतर चालू लागल्या. शहरात मुंबई सिटी आधीच होती, तिच्याकडे पैसा, टीव्ही, तारे. अशा वेळी दुसऱ्या श्रेणीत पैसे ओतून वर यायचं तरी कुठे? जी लीग स्वतःच दुय्यम ठरणार होती तिच्यात. मालकांनी हिशोब केला आणि कुलूप लावलं. त्या क्लबचा मी चाहता होतो, मला राग येतो, पण रागाचा रोख मी रेलिगेशनवर धरू शकत नाही.

आपल्या राज्याकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी बंद. भारत एफसी बंद. डीएसके शिवाजीयन्स बंद. सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद, तिची जागा हैदराबादला गेली. या यादीत मुंबई एफसीही धरली, तर मैदानावर हरून खाली गेलेला क्लब ती एकटीच. बाकी सगळे सुरक्षित होते तरी बंद पडले. महाराष्ट्रातल्या क्लबांना मारलं ते मालकांच्या कंटाळ्याने आणि तोट्याने. बंदिस्त लीगच्या बाजूने नेहमी एकच युक्तिवाद होतो की गुंतवणूकदाराला सुरक्षितता हवी, नाहीतर तो येणार नाही आणि आला तर टिकणार नाही. अकरा वर्षं आपण ती सुरक्षितता दिली. जुलै २०२५ मध्ये, महासंघाबरोबरचा करार संपत आल्यामुळे, आयोजकांनी पुढचा हंगामच स्थगित केला. खेळाडूंचे पगार, सराव, सगळं लटकलं. डिसेंबरात तो पंधरा वर्षांचा करार संपला आणि त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून काढता पाय घेतला. जगातल्या सर्वात श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक, त्याला खाली जायची भीती कधीच नव्हती. तरी तो गेला. मग इतकी वर्षं प्रेक्षकांकडून तळाचा शेवटचा दिवस हिरावून घेऊन आपण नेमकं काय राखलं?

रेलिगेशनची भीती नेहमी मोठ्या क्लबांच्या नावाने दाखवली जाते. ईस्ट बंगाल खाली गेला तर? केरळ ब्लास्टर्स गेला तर? लाखो चाहत्यांचं काय? याचं उत्तर मला जपानच्या लीगमध्ये सापडतं. जे-लीग १९९३ मध्ये दहा क्लबांनिशी सुरू झाली, आपल्यासारखीच कंपन्यांच्या पैशावर, नवी कोरी. १९९९ मध्ये त्यांनी दुसरी श्रेणी काढली आणि त्याच पहिल्या वर्षी तलवार कोसळली ती उरावा रेड्सवर, म्हणजे ज्या क्लबचे चाहते सर्वाधिक कडवे मानले जातात त्याच्यावर. २७ नोव्हेंबर १९९९, समोर हिरोशिमा. उरावाला तगून राहायचं तर नव्वद मिनिटांच्या आत जिंकायलाच हवं होतं. नव्वद मिनिटं ०-० अशी गेली. तेव्हा जपानमध्ये बरोबरी सुटली की जादा वेळ असायचा आणि गोल झाला की सामना तिथेच संपायचा. जादा वेळेत फुकुदाने गोल केला. पण जादा वेळेतल्या विजयाला कमी गुण होते, आणि उरावा गोलफरकावर खाली गेला. विजयी गोल मारणारा क्लबचा लाडका खेळाडू मैदानात उभा, आणि आपण रेलिगेट झालोय हे त्याला ठाऊक. जपानमध्ये त्याला आजही जगातला सर्वात दुःखी विजयी गोल म्हणतात. उरावा एका वर्षात वर आला. २००७ मध्ये आशियाचा विजेता झाला. चाहते पळून गेले नाहीत.

हॅम्बुर्गचंही तसंच. बुंडेसलीगा सुरू झाल्यापासून कधीही खाली न गेलेला एकमेव क्लब म्हणून त्यांनी स्टेडियममध्ये घड्याळ लावलं होतं. १२ मे २०१८ ला शेवटच्या दिवशी ते स्वतःचा सामना २-१ असा जिंकले, पण वोल्फ्सबुर्गही जिंकला आणि हॅम्बुर्ग गेला. दुसऱ्या श्रेणीत सात वर्षं काढली, मैदान भरत राहिलं, २०२५ मध्ये ते परत वर आले.

आणि शेवटच्या दिवसाची दोन्ही टोकं एकाच मैदानात भेटली तर काय होतं, हे १३ मे २०१२ ला जगाने पाहिलं. अग्वेरोचा तो गोल सगळ्यांना पाठ आहे. मँचेस्टर सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स (क्यूपीआर), नव्वद मिनिटं झाली तेव्हा सिटी १-२ अशी मागे, मग जेकोचा गोल आणि मग अग्वेरो. पण समोरचा क्यूपीआर इतका का झुंजत होता, हे सांगायला लोक विसरतात. क्यूपीआर रेलिगेशनच्या कड्यावर उभा होता. बार्टनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी त्याने सिटीला अडवून धरलं, कारण तिकडे बोल्टन स्टोकमध्ये जिंकला असता तर क्यूपीआर खाली गेला असता. बोल्टनचा सामना २-२ सुटला आणि एका गुणाने बोल्टन गेला. हरलेल्या क्यूपीआरचे चाहतेही त्या दिवशी नाचले. प्रीमियर लीगमध्ये रेलिगेशन नसतं तर तळाच्या क्यूपीआरने त्या दुपारी सिटीसमोर हातपाय गाळले असते आणि अग्वेरोच्या गोलाची कुणाला गरजच पडली नसती. तळाचा संघ जिवावर उदार होऊन खेळतो म्हणून वरची शर्यतही खरी राहते, हे बंदिस्त लीगचे समर्थक कधी लक्षात घेत नाहीत. आमची २०२४ ची शील्ड एका गुणाने गेली. हंगामाच्या उत्तरार्धात गमावण्यासारखं काहीच न उरलेल्या संघांशी कोण किती सामने खेळलं, यावरही असा एक गुण ठरू शकतो.

आपल्याकडे हे सगळं जमत नाही असंही नाही. खालच्या मजल्यावर वर्षानुवर्षं जमतंय. ८ मार्च २०१८ ला आय-लीगच्या शेवटच्या दिवशी विजेतेपदासाठी चार संघ शर्यतीत होते. तीन मैदानांवर तीन सामने एकाच वेळी सुरू झाले. पंचकुल्यात मिनर्व्हा पंजाबने चर्चिल ब्रदर्सला १-० असं हरवलं. ईस्ट बंगाल-नेरोका १-१, मोहन बागान-गोकुलम १-१. मिनर्व्हा विजेता. पुढच्या वर्षी ९ मार्चला कोइम्बतूरमध्ये चेन्नई सिटी सुरुवातीलाच गोल खाऊन बसली, मग मांझीची पेनल्टी आणि गौरव बोराचे दोन गोल, ३-१. तिकडे ईस्ट बंगाल कोळिकोडमध्ये जिंकला आणि ४२ वर राहिला, चेन्नई ४३. २०२१ मध्ये तर शेवटच्या दिवशी ट्राऊ, चर्चिल आणि गोकुलम तिघांचे सारखे २६ गुण होते. ट्राऊने आघाडी घेतली होती, गोकुलमने सत्तराव्या मिनिटापासून पुढे चार गोल केले. चर्चिलही जिंकला, पण आपसातल्या सामन्यांवर गोकुलम विजेता ठरला. हे सामने मी टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर पाहिलेत, यातला एकही क्लब माझा नव्हता, आणि तरी घरात कुणी मला हाक मारलेली ऐकू येत नव्हती.

एकाच वेळी सामने सुरू करणं ही साधी गोष्ट वाटते, पण ती जगाने ठेच लागून शिकलेली आहे. १९८२ च्या विश्वचषकात अल्जेरियाचा शेवटचा गटसामना आदल्या दिवशी आटोपला होता. दुसऱ्या दिवशी हिहोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना ठाऊक होतं की १-० या निकालावर दोघंही पुढे जातात. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि त्यानंतर दोघांनी ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवला. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. आपल्या सुपर लीगमध्ये मात्र शेवटची फेरी टीव्हीच्या सोयीने आठवडाभर पसरत आलीय. मार्च २०२५ मध्ये मुंबई सिटी सहाव्या, म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या जागेसाठी बेंगळुरूला खेळायला गेली तेव्हा ओडिशाचे सगळे सामने संपलेले होते, ते नुसते आमच्या निकालाची वाट बघत होते. आम्ही २-० असे जिंकलो, मी आनंदलो, पण त्या व्यवस्थेचं समर्थन मला करता येत नाही.

आता २०२५ चा आय-लीगचा शेवट. ६ एप्रिलला श्रीनगरमध्ये चर्चिल ब्रदर्सने रिअल काश्मीरशी १-१ बरोबरी केली, ४० गुण. इंटर काशी जिंकून ३९. गोकुलमला विजेतेपदाची आशा होती, त्यांना ४-३ असं हरवणारा होता तोच परतलेला धेंपो. गोव्याचे दोन क्लब त्या दिवशी देशाच्या फुटबॉलच्या मधोमध उभे होते. पण विजेता कोण हे त्या संध्याकाळी ठरलंच नाही. जानेवारीत नामधारीने इंटर काशीविरुद्धच्या सामन्यात अपात्र खेळाडू उतरवल्याची तक्रार अजून लोंबकळत होती. महासंघाने चर्चिलला विजेता जाहीर केलं, करंडकही दिला, आणि जुलैत लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. इंटर काशीची बाजू न्यायाची होती हे लवादाने सांगितलं, ते मी मानतो. पण जानेवारीतली तक्रार एप्रिलच्या शेवटच्या दिवसाआधी निकालात निघत नसेल, तर दोन्ही क्लबांच्या चाहत्यांवर अन्याय होतो. इंटर काशीच्या लोकांना विजेतेपद मिळालं, ते मिळाल्याची संध्याकाळ मिळाली नाही. मडगाव-वार्का परिसरातल्या चर्चिलच्या माणसांनी तर करंडक हातात घेऊनही विजेतेपद गमावलं.

आणि त्याच आय-लीगमधून त्याच वर्षी दिल्ली एफसी आणि स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू खाली गेले. हे मला सर्वात जास्त खुपतं. कमी पैशाच्या क्लबांनी पडायचं, सावरायचं, पुन्हा चढायचं, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना मात्र संरक्षण. २०१९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघासमोर जो आराखडा मंजूर झाला, त्यात २०२४-२५ पासून सुपर लीगमध्ये बढती आणि रेलिगेशन दोन्ही यायचं ठरलं होतं. बढती आली. पंजाब, मोहमेडन, इंटर काशी वर आले. रेलिगेशन आलं नाही. अर्धा शब्द पाळला गेला, आणि तोही मालकांना सोयीचा.

मी आंधळेपणाने मागणी करत नाही. खाली जाणाऱ्या क्लबला सावरायला पैसा लागतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून गेलेल्या क्लबला तीन वर्षांपर्यंत टीव्हीच्या पैशातला वाटा मिळत राहतो, तसा वाटा इथे लीगच्या सामायिक उत्पन्नातून राखून ठेवता येईल. सुरुवातीला दरवर्षी एकच संघ खाली जावा. दुसऱ्या लीगचे सगळे सामने टीव्हीवर दिसावेत, म्हणजे खाली गेलेला क्लब लोकांच्या नजरेआड होणार नाही आणि प्रायोजकही लगेच पळणार नाही. शेवटची फेरी एका दिवशी, एका वेळी व्हावी. तक्रारींचे निकाल त्याआधी लागावेत. आणि कुणालाही सूट नको, नवा असो, जुना असो, कितीही पैसा घेऊन आलेला असो. भारत एफसी आणि धेंपोचा प्रकार पुन्हा घडता कामा नये.

हा नियम लागू करताना सगळ्या क्लबांची संमती लागणार आणि मालक एकमेकांना सांभाळून घेणार, हे उघड आहे. म्हणूनच चाहत्यांनी बोललं पाहिजे, आणि आधी स्वतःच्या क्लबशी बोललं पाहिजे. कोलकात्याच्या माणसाने गोव्याच्या क्लबला खाली पाठवा म्हणण्यात काही अर्थ नाही. मी मुंबई सिटीचा आहे, म्हणून मी मुंबई सिटीलाच सांगतोय. मालकांच्या पुढच्या बैठकीत आपल्या क्लबने रेलिगेशनच्या बाजूने मत द्यावं. आणि एखाद्या वर्षी आपणच तळाला राहिलो, तर खाली जावं. तेव्हा मी दुसऱ्या श्रेणीचं सीझन तिकीट काढीन आणि गुणतक्ता पुन्हा खालून वाचायला लागेन.